लाईट गेल्यावर संगीत कुठं जातं?

फोंडा तालुक्यातल्या एका २६ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे आणि तीन वर्षांपासून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. हातात ४२ हजार पडतात. घरात भजनाची परंपरा आहे. वडील देवळात पखवाज वाजवतात आणि ती स्वतः लहानपणापासून पेटी वाजवते. गेली चार वर्षं ती रात्री लॅपटॉपवर, ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांपासून संगीतरचना करते आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठानं तिला इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश देऊ केला आहे. फी, राहणं, प्रवास धरून ३५ लाख लागतील. १० लाख कसेबसे उभे राहतील, उरलेल्या २५ लाखांच्या कर्जाला घरचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, तारण ठेवावं लागेल. वडील म्हणतात, हणजूणच्या (अंजुना) पार्ट्यांतल्या संगीतासाठी आजोबांनी लावलेल्या पोफळी गहाण पडणार नाहीत. "लायट गेल्यार तुजें संगीत खंय वता?" हा त्यांचा शेवटचा सवाल. ती लिहिते: "माझ्याकडे संगीताची पदवी नाही, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही आणि गोव्यात हे शिकवणारं कुणी नाही. आता गेले नाही तर कधीच जाणं होणार नाही. तीन आठवड्यांत होकार कळवायचा आहे. काय करू?"

बाय,

पत्र वाचायच्या आधी मी तू सोबत पाठवलेली साडेपाच मिनिटांची रचना ऐकली. एकदा फोनवर, मग हेडफोन लावून दोनदा. पाटाचं पाणी, लांबून येणारा घुमट, ते आपलं मडक्याचं चर्मवाद्य, मग कुठंतरी पंप सुरू होतो आणि घुमटाचा एकच ठोका ताणत ताणत इतका लांबतो की त्यातली माती ऐकू येते. ते फार आवडलं. तिसऱ्या मिनिटानंतर तू घाबरलीस आणि खाली तानपुऱ्यासारखा एक सूर अंथरून ठेवलास. ते आवडलं नाही. आधी हेच सांगते आहे, कारण तुझ्या चार पानी पत्रात या रचनेबद्दल एकच ओळ आहे: "सोबत एक ट्रॅक जोडला आहे." बाकीची चार पानं फी, पदवी, बाबा आणि मावशी. (मावशीला तुझ्या लग्नाची घाई आहे. तो या प्रश्नाचा भाग नाही. पुढं चल.)

तुझ्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींना घट्ट बांधलेल्या आहेत: संगीतकार व्हायचं, त्यासाठी हे शिक्षण घ्यायचं, आणि येत्या सप्टेंबरात याच विद्यापीठात जायचं. पहिलीला माझा होकार आहे, तुला तो लागत नसला तरी. दुसरीलाही बहुतेक होकारच. तिसरीला मात्र नाही. का, ते सांगते. पण आधी तुझ्या त्या "माझ्याकडे संगीताची पदवी नाही"कडे जरा बघू.

मी बरीच वर्षं रेडिओसाठी ध्वनिमुद्रणं केली. पाव इंची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावायची. गायिकेनं दोन तानांच्या मध्ये दोन सेकंद श्वास घेतला, की तो श्वास माझ्या हातात जवळजवळ दोन विती लांब असायचा. ब्लेडनं तिरका छेद देऊन तो काढायचा आणि टोकं पांढऱ्या पट्टीनं जोडायची, हे रोजचं काम. एका दुपारी निव्वळ कंटाळ्यापोटी मी असे कापलेले बावीस श्वास एकापुढं एक चिकटवले आणि वाजवले. स्टुडिओत कुणी नव्हतं. जे ऐकू आलं त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. वरिष्ठांनी पाहिलं असतं तर टेप वाया घालवल्याचा मेमो मिळाला असता, म्हणून तो तुकडा मी केराच्या डब्यात टाकला. पॅरिसमध्ये १९४८ साली पिएर शेफर नावाच्या रेडिओतल्याच एका इंजिनिअरनं आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून, त्यांची पुन्हा पुन्हा मांडणी करून संगीत केलं होतं आणि ते रेडिओवर लावलंही होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याच्याकडे तर तेव्हा टेपही नव्हती, सगळं तबकड्यांवर केलं. शेफरपेक्षा माझ्याकडची साधनं उलट सोपीच होती. त्यानं आपल्या उद्योगाला नाव दिलं, मी केराच्या डब्यात टाकलं.

संगीतकार आयानिस झेनाकिस हा स्थापत्य अभियंता होता. १९५७ मध्ये संगणकाकडून सूर तयार करून घेणारं सॉफ्टवेअर लिहिणारा मॅक्स मॅथ्यूज हा बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनशाळेतला इंजिनिअर. तू ज्या क्षेत्रात पाऊल टाकते आहेस त्याचा पाया घालणाऱ्यांत सर्किट जाणणारी माणसं भरपूर आहेत. त्यामुळं तुझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीला 'वाया गेलेली चार वर्षं' म्हणणं थांबव. अर्थात शेफर इंजिनिअर होता म्हणून प्रत्येक इंजिनिअर शेफर होत नाही, हेही आलंच.

स्टाफ नोटेशनचं तर त्याहून सोपं. या प्रकारच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रवेशासाठी पोर्टफोलिओ ऐकला जातो. दोन-तीन रचना, सोबत त्या कशा केल्या त्याचं टिपण आणि मुलाखत. स्पीकरवरच पूर्ण होणाऱ्या रचनेला स्वरलिपी नसली तरी चालतं. उद्या व्हायोलिन किंवा चेलो वाजवणाऱ्यांसाठी लिहावंसं वाटलं तर ती लिपी लागेल, आणि भातखंडे पद्धत येणाऱ्या पेटीवादक मुलीला ती शिकायला काही महिने पुरतील. मडगाव-पणजीत पियानो शिकवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. गोव्यात राहून स्टाफ नोटेशनची भीती बाळगणं म्हणजे म्हापशाच्या बाजारात उभं राहून चोरिझो, म्हणजे डुकराचं सॉसेज, कुठं मिळेल विचारण्यासारखं आहे. (तुमच्या घरी चालत नसेल तर शिवराक, म्हणजे शाकाहारी, उदाहरण तू शोध.)

आता बाबांचा प्रश्न. त्याला हसू नकोस. जुलैत लाईट जाते तेव्हा पखवाज वाजत राहतो आणि तुझा लॅपटॉप दोन-तीन तासांत मान टाकतो, हे खरंच आहे. पण त्यांना एवढंच विचार, की भजनी सप्ताहात माइक आणि स्पीकर नव्हते असं शेवटचं कधी झालं? आणि तुझ्या पेटीशेजारी जी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी असते तिचा सूर कुठल्या तारेतून येतो? वीज आपल्या देवळांत कधीचीच आली आहे. फक्त तिला आपण सेवेकरी मानतो, वादक मानत नाही.

हणजूणचं म्हणशील तर तिथं ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे घडलं, ते आज जगभर 'गोवा ट्रान्स' या नावानं ओळखतात आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी ऐकलेलंच नाही, त्याबद्दलच्या तक्रारी तेवढ्या ऐकल्या. तिथले डीजे तबकड्या न वापरता डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या, कॅसेट वापरायचे. कारण साधं होतं, किनाऱ्यावरच्या उन्हात तबकड्या वाकायच्या. पण तू करतेस ते हे नाही, हे तुला माहीत आहे, मला कळलं, बाबांना कळायला मार्ग नाही. त्यांच्यापर्यंत 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द ज्या रस्त्यानं पोचला तो हणजूणवरूनच येतो.

म्हणून त्यांना दुसरा रस्ता दाखव. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला आणि त्यात मूग कंपनीचा सिंथेसायझर होता. तिथं काम केलेल्या भारतीय रचनाकारांत गीता साराभाई होत्या. या गीताबाई कोण? पखवाजवादक. बाईनं पखवाजाला हात लावणं जेव्हा ऐकिवात नव्हतं त्या काळात त्या पखवाज शिकल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतलं आणि बदल्यात त्यांना आपलं संगीत शिकवलं. त्या स्टुडिओतल्या टेप कित्येक दशकं पडून होत्या, अलीकडे सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्धही झालं. बाबांना आधी हे सांग. यानं ते कर्जाच्या कागदावर सही करतील असं नाही. पण पखवाज आणि सिंथेसायझर एकाच माणसाच्या हाताखाली आले होते, आणि तेही आपल्याच देशात, एवढं त्यांच्या कानावर जाऊ दे.

अजून एक. पुढच्या चवथीला, गणेशचतुर्थीला, आरतीच्या वेळी घुमट वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघ. उजवा हात चामड्यावर असतो, त्याकडे सगळे बघतात. डावा हात मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर असतो. तो झाकतो, अर्धा सोडतो, पूर्ण सोडतो, आणि आतल्या हवेचं घुमणं बदलतं. तू स्क्रीनवरचं एक बटण फिरवून ठोक्याचा पोत बदलतेस ना, तेच काम तो हात करतो, मडकं आणि हवा वापरून. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं आणि आता बकऱ्याचं चढवतात. जुने वादक आवाज बदलल्याची हळहळ करतात. त्या हळहळीतच तुझ्यासाठी एक आख्खी रचना पडून आहे, पण मी तुझं काम का करू?

आता पैशाकडे. २५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता ३३ हजार ७०० च्या आसपास येतो. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढलं तर त्याहून जास्त. आजच्या तुझ्या पगारातून ते गेले तर ८ हजार ३०० उरतील. परत आल्यावर लगेच आजच्याइतकं मिळेल, तेही संगीतातून, असं तू गृहीत धरलं आहेस, आणि पत्रात नेमकी तीच जागा पुसट आहे: "तिथं काहीतरी मिळेलच." मिळेलही. पण ज्यावर कुळागर टांगायचं आहे ते 'काहीतरी' असून चालत नाही. हप्त्याच्या ओझ्याखाली माणूस कुठली कामं घेतो ते मी जवळून पाहिलं आहे.

माझ्या भाच्यानं असंच कर्ज काढून परदेशात 'म्युझिक टेक्नॉलॉजी' केलं. त्याला रचना करायची होती. तिथं गेल्यावर कळलं की अभ्यासक्रमात माइक कुठं ठेवायचे, मिक्सर कसा चालतो, स्टुडिओचं ध्वनिशास्त्र, हेच सगळं. विद्यापीठानं फसवलं नव्हतं, माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं. यानं नाव वाचलं, आतले विषय वाचलेच नाहीत. आज तो मोठ्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळतो, चांगला कमावतो, आणि दहा वर्षांत त्यानं एक रचना केलेली नाही. म्हणून सांगते, तुझ्यासारख्या सगळ्यांनाच सांगते: म्युझिक प्रॉडक्शन, म्युझिक टेक्नॉलॉजी, साउंड डिझाइन, सोनिक आर्ट, कॉम्पोझिशन, ही पाच नावं ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, पण प्रत्येक घरचं जेवण वेगळं असतं. कुठं गाणं बाजारात जाईल असं घडवायला शिकवतात, कुठं यंत्रं, कुठं सिनेमाचा आवाज, कुठं तू करतेस तसलं. एकाच नावाचा अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत दोन तऱ्हांचा असतो. विषयांची यादी वाच, शिकवणाऱ्यांची नावं काढ आणि त्यांच्या रचना शोधून ऐक. ज्याचं संगीत दहा मिनिटं ऐकवत नाही त्याच्यासमोर वर्षभर बसायला ३५ लाख देऊ नये.

तुझ्या जागी मी असते तर तू लिहिलेल्या विद्यापीठाला आजच मेल टाकून विचारलं असतं. रचनाकाराबरोबर एकास एक तास किती? स्टुडिओची किल्ली रात्री मिळते का? वर्षात जाहीर कार्यक्रमात माझी रचना किती वेळा वाजेल आणि किती स्पीकरवर? मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणं करून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर समजून जा.

स्पीकरचं म्हणाले, कारण विद्यापीठाला पैसे मोजायचे तर त्यासाठीच. सॉफ्टवेअरसाठी नव्हे. प्युअर डेटा, सुपरकोलायडर, सीसाउंड, तिन्ही फुकट आहेत आणि ती शिकवणारे व्हिडिओ रग्गड आहेत. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या तुझ्यासारखीला ती एखाद्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर वश होतील. पण बर्मिंगहॅम विद्यापीठात १९८२ पासून 'बीस्ट' नावाची स्पीकरची एक यंत्रणा आहे, डझनावारी स्पीकर श्रोत्यांच्या पुढं, मागं, डोक्यावर. आपली रचना तिथं बसून मिक्सरवर प्रत्यक्ष फिरवणं घरात हेडफोन लावून कळत नाही. तुझं ते पाटाचं पाणी श्रोत्यांच्या मधून वाहायला पाहिजे, डाव्या कानाकडून उजवीकडे नव्हे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कान. दर आठवड्याला आठ-दहा जण तुझं अर्धवट काम ऐकतात आणि तोंडावर सांगतात की तिसऱ्या मिनिटाला तू घाबरलीस. गोव्यात आज तुला ते कोण सांगतं? मी सोडून.

मग एका वर्षाचंच का? ब्रिटनमध्ये पदव्युत्तर बारा महिन्यांचं असतं. त्यातलं शिकवणं वसंतात आटपतं आणि उन्हाळा प्रकल्पात जातो. थंडीची, तिथल्या इंग्रजीची आणि स्वयंपाकाची सवय होईपर्यंत निम्मं वर्ष सरलेलं असतं. ज्यांचा पाया विद्यापीठात घडलेला असतो त्यांना ते चालतं. घरी एकटीनं शिकलेल्या माणसाला दोन वर्षं द्यावीत असं माझं मत आहे.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य याला अपवाद, तिथं २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. एसेनच्या फोल्कवांगमध्ये आणि कार्ल्सरूहच्या संगीत महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक रचनेची जुनी परंपरा आहे. अडचण दोन प्रकारची: बहुतेक ठिकाणी जर्मन यावं लागतं, आणि व्हिसासाठी राहण्याखाण्याचे वर्षाचे सुमारे १२,००० युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. ते पैसे तुझेच असतात, महिन्याला थोडे थोडे सुटतात. तुझ्या हाताशी असलेले १० लाख आणि हे गणित एकमेकांच्या जवळ येतात, बघ. नेदरलँड्समध्ये हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटोरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, सोनॉलॉजी (ध्वनीचा अभ्यास) संस्था आहे. १९६० साली उत्रेख्तला सुरू झालेली ती १९८६ मध्ये हेगला आली. तू करतेस तसल्या कामाचं ते माहेरच म्हण. तिथलं पदव्युत्तर दोन वर्षांचं, शिकवणं इंग्रजीत. युरोपबाहेरच्यांना फी मात्र बरीच जास्त.

इथं गोव्यातला तो नेहमीचा विषय निघतोच. तुझे आजोबा १९६१ च्या आधी इथं जन्मले, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टची वाट घरातून जाते, आणि युरोपियन नागरिकाला फी कमी. शेजारच्या कुणीतरी हे तुला सांगितलंच असेल. मी सांगते ते एवढंच, की त्या वाटेवर भारतीय नागरिकत्व सुटतं. फीसाठी तो निर्णय घेऊ नये. दुसऱ्या कारणांनी घरात आधीच विचार चालू असेल तर गोष्ट वेगळी.

शिष्यवृत्त्या तू "मिळणार नाहीतच" म्हणून एका वाक्यात उडवल्यास. अर्ज केलास का? नाही. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तरासाठीच असते, दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं. तुझा अनुभव तीन वर्षांचा आहे आणि तुला परतच यायचं आहे. इनलॅक्सची शिष्यवृत्ती तरुणांसाठी असते, वयाची आणि विषयाची अट तपास. जर्मनीसाठी डाड ही तिथली शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था संगीताच्या विद्यार्थ्यांना वेगळी शिष्यवृत्ती देते. जे. एन. टाटा एंडोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देतं. आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, पणजीला जाऊन तिच्या अटी समजून घे. कुळागर तारण ठेवण्याआधी ही पाच दारं ठोठावली का, असं बाबांनी विचारलं तर तुझ्याकडे आज उत्तर नाही.

आणि देशातल्या देशात? पुण्याच्या एफटीआयआयला ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो सिनेमाचा आहे, पण कान तयार होतो आणि पोटाची सोय होते. चेन्नईला २००८ साली ए. आर. रहमान यांनी सुरू केलेली के. एम. कॉन्झर्व्हेटरी आहे. मला विचारशील तर तुझ्या पाटाच्या पाण्याला या दोन्ही जागा थोड्या अरुंद आहेत. पण तुझ्याच वयाच्या ज्या मुलाला सिनेमाचं किंवा गाण्यांचं काम करायचं आहे त्यानं परदेशाचा विचार करण्याआधी इथं बघावं.

"आता नाही तर कधीच नाही" या वाक्यावर माझा विश्वास नाही. पदव्युत्तर वर्गात तिशी ओलांडलेले विद्यार्थी सर्रास असतात. प्रवेश एका वर्षानं पुढं ढकलून मिळेल का, असं विचारता येतं. बरीच विद्यापीठं तसं करतात. पण थांबायचं तर नुसतं थांबू नकोस, नाहीतर मग मावशी जिंकेल. या वर्षात तीन रचना पूर्ण कर. अर्धवट सात नकोत. त्यातली एक चार स्पीकरसाठी कर. चार स्पीकर कुठून? तुमच्या वाड्यावरच्या मंडळाचे आहेत की, जत्रेच्या नाटकाला लावतात ते. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत ठेव, लॅपटॉप स्पीकरना जोडणारा चार वाटांचा एक ऑडिओ इंटरफेस कुणाकडून मागून आण, आणि एका रविवारी दुपारी वीसेक माणसं बोलाव.

आणि जत्रेच्या नाटकावरून आठवलं, की गोव्यात प्रत्येक वाड्यावर उत्सवी नाटक होतं, वर कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा. त्या सगळ्यांना पार्श्वसंगीत लागतं आणि बहुतेकदा ते कुठून तरी उचललेलं असतं. एका दिग्दर्शकाला जाऊन भेट, म्हण, मी करते, पैसे नकोत, पण तालमीला पहिल्या दिवसापासून बसेन. तीन नाटकं केलीस की तुला शिफारसपत्र देणारा माणूस तयार होईल. तुझे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक तुझ्या संगीताबद्दल काय लिहिणार? दर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव भरतो, २०१६ पासून. तिथं ध्वनीची मांडणशिल्पं असतात. एक दिवस रजा काढ आणि नुसती हिंडू नकोस, तारा कशा ओढल्यात ते बघ, मांडणाऱ्या माणसांशी बोल. पुढं पोट कसं भरायचं त्याची निम्मी उत्तरं तिथं उभी असतात.

एक राहिलं. तुझ्या रचनेतला तो घुमट कुणाचा? देवळातल्या आरतीला गुपचूप फोनवर मुद्रित केला असशील तर परत जा, त्या वादकाला हेडफोन लावून ऐकव, परवानगी माग आणि रचनेखाली त्याचं नाव लिही. उद्या ती रचना हेगला वाजली तरी नाव राहिलं पाहिजे.

बाबांचं मला वाटतं असं आहे, की त्यांचा राग संगीतावर नाही. कुळागर तारण ठेवायचं आणि मुलगी कशासाठी जाते तेही कळायचं नाही, या दोन गोष्टी त्यांना एकदम गिळता येत नाहीत. त्यातली एक तू आजच काढून टाकू शकतेस. त्यांना ती रचना ऐकवलीस का? पत्रात तसं कुठं नाही. लॅपटॉपच्या चिरक्या स्पीकरवर नको. भजनाचा साउंड लावणाऱ्याकडून दोन चांगले स्पीकर आण, संध्याकाळी पडवीत मांड, आणि वाजवण्याआधी काही समजावून सांगू नकोस. पाणी त्यांच्याच पाटाचं आहे. ते ओळखतील.

विद्यापीठाला मेल आज रात्रीच लिही: प्रवेश एका वर्षानं पुढं ढकलता येईल का, आणि ते वरचे चार प्रश्न. नाही म्हणाले तर हा प्रवेश सोडून दे. वाईट वाटेल, आठवडाभर वाटू दे.

आणि मला उलट कळव: चौथ्या मिनिटाला पंप बंद होतो, त्यानंतर खाली जो बारीक ठोका राहतो तो पंपाचाच आहे की बाबांचा पखवाज? तीनदा ऐकलं, मला ओळखता आलं नाही.